मेंदूला मार, बाहेरून माणूस ठणठणीत: क्लेममध्ये हे दाखवायचं कसं?

भीमाकाठ

नमस्कार मंडळी. बहिणीच्या नवऱ्यासाठी विचारतोय. माहिती आधी देतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल.

दाजींचं वय ३४. चाकणला ठेकेदारामार्फत सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) ऑपरेटर. स्लिपवर पगार २२,०००, वर ओव्हरटाइमचे महिन्याला तीन-चार हजार रोख. अकरा आठवड्यांपूर्वी दुसरी पाळी सुटल्यावर दुचाकीवरून घरी येत होते. समोरून आलेला टेम्पो पेट्रोल पंपात शिरायला अचानक उजवीकडे वळला आणि धडक झाली. दाखल करताना जीसीएस (शुद्धीचं माप) ७. डाव्या बाजूला मेंदूवर रक्त साचलेलं, पुढच्या भागात मार. रात्रीतच ऑपरेशन झालं, कवटीचं हाड काढून पोटात ठेवलंय. ९ दिवस आयसीयू, एकूण २३ दिवस दवाखाना. बिल ६ लाख ८० हजार. त्यातले अडीच लाख ठेकेदाराच्या मेडिक्लेममधून गेले, बाकीचे आम्ही भरले. पगार २१,०००च्या वर म्हणून ईएसआय (कामगार विमा) नाही.

आज चालतात, बोलतात, जेवतात. बघायला येणारा म्हणतो, बरे झाले की! पण सकाळी सांगितलेलं दुपारी आठवत नाही, मुलांच्या आवाजाने चिडतात, एकदा ताट भिरकावलं. महिन्यापूर्वी एक फिट आली, तेव्हापासून फिटची गोळी, लेव्हेटिरासिटाम ५००, सकाळ-संध्याकाळ चालू आहे. ताईने कामावर जाणं सोडलंय.

अडचणी अशा: टेम्पोमालकाचा माणूस २ लाख घेऊन स्टँपपेपरवर सही करा म्हणतो. गुन्हा चार दिवसांनी नोंदवला गेला. दवाखान्याच्या पहिल्या कागदावर 'गाडीवरून पडून' असं लिहिलंय, टेम्पोचा उल्लेखच नाही. हेल्मेट होतं, पण ते बाजूला पडलेलं सापडलं. एका डॉक्टरांनी तोंडी सांगितलं की अपंगत्व २५ टक्क्यांच्या आसपास बसेल. मग आता क्लेम टाकायचा की पूर्ण बरे होईपर्यंत थांबायचं?

---

दावा_दाद

आधी स्टँपपेपर. सही करू नका, दाजींना तर मुळीच करू देऊ नका. मेंदूच्या दुखापतीनंतर सकाळचं दुपारी आठवत नसलेल्या माणसाची सही म्हणजे पुढे तुमच्याच विरुद्ध वापरला जाणारा कागद. त्या माणसाला एकच विचारा: गाडीची पॉलिसी कुठल्या कंपनीची, नंबर काय? नाही सांगितलं तरी चालेल. टेम्पोच्या नंबरावरून एमपरिवहन ॲपवर नोंदणी आणि विम्याची मुदत दिसते. अपघाताच्या तारखेलाच नव्हे तर त्या वेळेला पॉलिसी चालू होती का, ते बघा. पॉलिसी कधी कधी त्याच दिवशी उशिरा काढलेली असते आणि तिच्यावर वेळ छापलेली असते.

थांबायचं नाही. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) नुसार अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय हे खरं, पण त्यावर विसंबून कुणी बसू नये. बरं होण्याची वाट बघण्याची गरजही नाही. दावा आत्ता दाखल होतो आणि अपंगत्वाचा पुरावा साक्षीच्या वेळी येतो. अर्जात मागितलेल्या रकमेपेक्षा जास्त रक्कम द्यायलाही हे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाला आडकाठी नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच नागप्पा प्रकरणात हे स्पष्ट केलंय. त्याच निकालातली दुसरी गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा: अंतिम निवाडा झाला की पुढच्या उपचारासाठी पुन्हा येऊन जादा पैसे मागता येत नाहीत. पोटातलं हाड परत बसवण्याचं ऑपरेशन, वर्षानुवर्षांच्या फिटच्या गोळ्या, पुढची स्कॅनिंग हे सगळं याच दाव्यात, डॉक्टरांच्या लेखी अंदाजासह आलं पाहिजे.

आता पोलीस ठाणं. २०२२ च्या नियमांप्रमाणे तपासी अंमलदाराने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल म्हणजे नमुना १ न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो, आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल, नमुना ७. अकरा आठवडे म्हणजे ७७ दिवस झाले. तुमच्या हातात तेरा दिवस आहेत, म्हणून उद्याच जा. जखमीने भरायचा नमुना ६ तुमच्याकडून घेतलाच नसेल तर मागून घ्या, भरा, पोच घ्या. कलम १६६(४) प्रमाणे पोलिसांचा हा अहवालच दावा-अर्ज म्हणून धरता येतो. तरी त्या भरवशावर राहू नका, स्वतःचा अर्ज वेगळा टाका. पोलिसांच्या अहवालात ताईची सुटलेली नोकरी, रोखीचा ओव्हरटाइम, रागाचे झटके यातलं काही असणार नाही.

पोलिसांकडून प्रमाणित प्रती घ्यायच्या त्या अशा: प्रथम खबर, घटनास्थळ पंचनामा नकाशासह, दोन्ही वाहनांच्या तपासणीचा आरटीओ अहवाल, टेम्पोचं आरसी, पॉलिसी, परमिट, चालकाचं लायसन्स, साक्षीदारांचे जबाब, दोषारोपपत्र. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या २८१ आणि १२५(ब) खाली आहे का बघा. नुसतं १२५(अ) लावलं असेल तर 'साधी दुखापत' धरलीय असा अर्थ होतो. कवटी उघडावी लागलेली असताना ते चूक आहे, लेखी अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या.

'गाडीवरून पडून' या दोन शब्दांवर विमा कंपनीचा वकील सगळा बचाव उभा करील: दुचाकी आपोआप घसरली, टेम्पो नंतर घुसडला. याला उत्तर वस्तूंनी द्यायचं. टेम्पोच्या डाव्या की उजव्या बाजूला ठोकर आहे, दुचाकीचा पुढचा काटा वाकलाय का, पंचनाम्यात काच आणि रंगाचे कण कुठे पडलेले दाखवलेत. पंपाचं सीसीटीव्ही इतक्या दिवसांनी पुसलं गेलं असण्याची शक्यता जास्त. तरी पोलिसांनी सुरुवातीलाच घेतलंय का, हे अर्ज देऊन विचारा. १०८ च्या गाडीने नेलं असेल तर त्यांच्या नोंदीत कॉलची वेळ आणि अपघाताचा प्रकार असतो, तो कागद फार उपयोगी पडतो. आणि दवाखान्यात ती माहिती कोणी दिली ते शोधा. बेशुद्ध पेशंटला आणून सोडणारा अनोळखी माणूस 'पडलाय' एवढंच सांगतो, हे न्यायाधिकरणालाही कळतं, फक्त ते साक्षीत यायला हवं. चार दिवसांचा उशीर एवढ्यावर दावा पडत नाही. नातेवाईक आयसीयूबाहेर होते हे डिस्चार्ज कार्डावरच दिसतं.

रकमेचं गणित उद्या वेळ काढून लिहितो.

---

पुनर्वसन_कक्ष

कायद्याचं वर आलंय, मी मेंदूचं लिहिते, कारण दाव्यातला अर्धा पुरावा घरात रोज घडतोय आणि कुणी लिहून ठेवत नाहीये.

पुढच्या भागाला म्हणजे कपाळामागच्या मेंदूला मार लागतो तेव्हा हातपाय शाबूत राहतात आणि माणूस बदलतो. राग आवरणं, कामाला सुरुवात करणं, एक काम अर्धवट ठेवून दुसऱ्याकडे जाऊन परत येणं, पैशाचा हिशोब, समोरच्याच्या चेहऱ्यावरून ओळखणं हे सगळं तिथे असतं. साध्या सीटी स्कॅनमध्ये सहा महिन्यांनी 'जुना डाग' एवढंच दिसेल. एमआरआय करायचा झाला तर एसडब्ल्यूआय सिक्वेन्ससह करायला सांगा. मेंदूतले तंतू ताणले गेल्याच्या बारीक रक्तखुणा त्यात दिसतात, सीटीत दिसत नाहीत.

पण खरं मोजमाप होतं न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्टिंगमध्ये. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट दोन-तीन बैठकांत लक्ष, स्मरणशक्ती, विचारांचा वेग, नियोजन असं एकेक तपासतात. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेचा चाचणी-संच आपल्याकडे सर्रास वापरतात. नुसता आयक्यू काढून घेऊ नका. अशा पेशंटचा आयक्यू ९५ येऊ शकतो आणि तरी तो मशीनसमोर उभा राहू शकत नाही. पहिली टेस्ट सहाव्या महिन्याच्या आसपास, दुसरी वर्षाने. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा वेगाने होते, म्हणून फार लवकर काढलेला आकडा कोर्टात टिकत नाही. 'अजून सुधारणार होता' असं म्हणून तो उडवतात. टेस्टच्या दिवशी झोप पूर्ण हवी, गोळ्या वेळेवर हव्यात, आणि मराठीतूनच घ्यायला सांगा.

ताईंना एक दोनशेपानी वही द्या. रोज चार ओळी: तारीख, वेळ, काय झालं, किती वेळ चाललं. 'आज चिडले' असं लिहून उपयोग नाही. 'दु. ३.१०, गॅसवर दूध ठेवून विसरले, पातेलं जळालं, वास आला नाही' असं हवं. फिट आली तर किती मिनिटं, मान कुठल्या बाजूला वळली, जीभ चावली का, नंतर किती वेळ गुंगी होती. जमलं तर मोबाइलवर चित्रण. ही वही डॉक्टरांना दर भेटीत दाखवा आणि केसपेपरवर ते लिहून घ्यायला सांगा. वहीला कोर्टात वजन येतं ते त्याच काळातल्या केसपेपरमुळे. क्लेम टाकल्यानंतर एकदम लिहिलेल्या तक्रारी संशयाने बघितल्या जातात.

आत्ताच लक्ष द्यायच्या गोष्टी. वास येतो का ते तपासा: डोळे मिटून कॉफी, लवंग, साबण. कपाळावर मार असलेल्यांत वास जाणं नेहमीचं आहे आणि डिस्चार्जच्या वेळी कुणी विचारत नाही. वास गेला असेल तर घरात गॅसगळतीचा अलार्म बसवा आणि डॉक्टरांकडून ते लिहून घ्या. हाड नसलेल्या बाजूवर झोपू देऊ नका, घरात फिरतानाही डोक्याला संरक्षण हवं. ती जागा फुगून घट्ट वाटली, ताप आला, सारखी झोप यायला लागली, उलट्या झाल्या तर वाट न बघता दवाखाना. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी चाल अडखळायला लागली, लघवीवर ताबा सुटला, माणूस एकदम मंद झाला तर मेंदूत पाणी वाढलंय का बघावं लागतं. याला 'आळस' समजून वेळ घालवला जातो.

आणि चिडचिडीबद्दल महत्त्वाचं: लेव्हेटिरासिटामने स्वतःच चिडचिड वाढू शकते. गोळी मनाने बंद करायची नाही, एकदम बंद केली तर फिटांची मालिका लागू शकते. पण 'गोळी सुरू व्हायच्या आधी राग किती होता, नंतर किती' हे वहीतून काढून न्यूरोलॉजिस्टना विचारा, पर्यायी औषधं आहेत. क्लेमच्या दृष्टीनेही हा भेद हवा, नाहीतर समोरचा वकील म्हणेल की राग गोळीचा आहे, अपघाताचा नाही.

दुचाकी सध्या पूर्ण बंद. लायसन्सच्या नमुना १ मध्ये फिट येते का हा प्रश्न असतो, खोटं लिहू नका. रात्रपाळी तर नकोच, झोपमोडीने फिट येते.

---

भीमाकाठ

दोघांचेही आभार. कॉफी आणि लवंग दोन्ही करून बघितलं, काहीच वास येत नाही. आम्हाला अडीच महिने पत्ता नव्हता. ताई आज वही आणतेय.

आणखी एक. काल टेम्पोच्या विमा कंपनीच्या माणसाचा फोन आला, 'कायद्याने अडीच लाख लगेच मिळतात, चूक कुणाची हेही बघत नाहीत, फॉर्म पाठवतो' म्हणाला. हे घेऊन वर क्लेम चालू ठेवता येतो का? घरात पैशाची फार ओढाताण आहे.

---

क्लेम_टेबल

विमा कंपनीच्या बाजूने हे काम कसं चालतं ते माहीत असल्याने लिहितो. फोन करणारा खोटं बोलत नाहीये. कलम १६४ प्रमाणे चुकीचा वाद न घालता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. त्याने न सांगितलेला भाग कलम १६६ च्या परंतुकात आहे: कलम १४९ च्या (कंपनीच्या तडजोडीच्या) पद्धतीने १६४ ची रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणापुढचा दावा संपतो. जुन्या कायद्यात कलम १४० खाली अंतरिम रक्कम घेऊन मोठा दावा चालू राहायचा. गावातले जाणते लोक अजून तेच सांगतात आणि इथेच फसगत होते. बोटाचं हाड मोडलेल्याला अडीच लाख पुरतील. कवटी उघडलेल्या ३४ वर्षांच्या माणसाने तो फॉर्म भरू नये.

तोंडी हो-नाही काहीही बोलू नका. 'जे असेल ते लेखी पाठवा, आम्ही दावा दाखल करतोय' एवढंच सांगा. कंपनीने न्यायाधिकरणापुढे लेखी प्रस्ताव दिला तर तो नाकारता येतो, मग रीतसर सुनावणी होते.

कंपनी फाइलमध्ये काय शोधते ते सांगतो, म्हणजे तुम्ही आधीच भोकं बुजवाल. पहिलं, दारू. ॲडमिशन पेपरवर 'तोंडाला वास' अशी नोंद आहे का, रक्त तपासलंय का ते बघा. नुसता वास लिहिला आणि रक्त तपासलं नसेल तर तो मुद्दा लंगडा राहतो. दुसरं, दाजींचं लायसन्स त्या दिवशी चालू होतं का. तिसरं, हेल्मेट. मुख्य दुखापतच डोक्याची असल्याने हा मुद्दा येणारच. पट्टा लावला नव्हता हे कंपनीने सिद्ध करायचं असतं. हेल्मेट जपून ठेवा, धुऊ-पुसू नका. पट्ट्याची क्लिप तुटलीय का, कवचाला तडा कुठे आहे, याचे फोटो काढा. क्लिप तुटलेली असेल तर धडकेनेच ते निघालं हे उघड आहे. आणि हेल्मेट नसलं तरी अपघात हेल्मेट नसल्याने होत नाही, टेम्पो वळल्याने झाला. फार तर थोडी टक्केवारी कापली जाईल, दावा जात नाही. तीन सीट बसले होते एवढ्यावरून दुचाकीस्वाराची चूक धरता येत नाही असं सर्वोच्च न्यायालय २०२० मध्ये म्हणालंय, तोच तर्क इथेही मांडता येतो.

टेम्पोचालकाचं लायसन्स बाद निघालं म्हणून घाबरू नका. तिसऱ्या माणसाला, म्हणजे दाजींसारख्या जखमीला, पैसे कंपनीनेच आधी द्यायचे आणि मग मालकाकडून वसूल करायचे, असा आदेश अशा प्रकरणांत होतो. २०२४ च्या निकालानंतर ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्सही चालतं.

लोकअदालतीबद्दल दावा_दाद काय म्हणतात माहीत नाही, पण माझं मत ती टाळू नये असं आहे. पैसे लवकर हातात येतात, नाहीतर निकाल आणि वर अपील यात वर्षं जातात. फक्त तिथल्या तडजोडीवर अपील नाही, म्हणून वर्षाची न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्ट आणि अपंगत्वाचा दाखला हातात येण्याआधी आकड्यावर बोलू नये.

---

दावा_दाद

लोकअदालतीबाबत सहमत, अटीसकट.

आता गणित. टक्केवारीवरून सगळ्यात मोठी चूक होते. दाखल्यावरचे २५ टक्के हे शरीराचं अपंगत्व. भरपाई ठरते कमाईची ताकद किती गेली यावर. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक नीट सांगितलाय: आधी हा माणूस काय काम करत होता, आता काय करू शकतो, काय करू शकत नाही, आणि मग टक्का. तेच अपंगत्व कारकुनाला २० टक्के बाधेल आणि ड्रायव्हरला शंभर टक्के.

दाजींचे आकडे घ्या. २२,००० पगार. वय ४० च्या आत, कायम नोकरी नाही, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे: ३०,८००. वर्षाचे ३,६९,६००. वय ३१ ते ३५ साठी गुणक (वर्षाच्या रकमेला ज्या आकड्याने गुणतात तो) १६. जखमीच्या दाव्यात स्वतःच्या खर्चाची वजावट नसते, ती मृत्यूच्या दाव्यात असते. काही वकीलही हे मिसळतात. २५ टक्के धरले तर १४,७८,४००. ६० टक्के धरले तर ३५,४८,१६०. माणूस तोच, दुखापत तीच, फरक फक्त ऑपरेटरचं काम कसं असतं हे न्यायाधीशांपुढे कसं आलं याचा.

म्हणून कारखान्याचा सुपरवायझर साक्षीला हवा. त्याने सांगायचं: ड्रॉइंग वाचून ऑफसेट टाकावा लागतो, एक आकडा चुकला तर टूल तुटतं किंवा जॉब उडतो, फिरत्या पाळ्या आहेत, फिट येणाऱ्या माणसाला मशीनवर उभं करता येत नाही. त्याच्या जोडीला फॅक्टरीच्या डॉक्टरांचं 'या कामास अयोग्य' असं पत्र, आणि ठेकेदाराने कामावरून कमी केलं तर ते लेखी. रोखीच्या ओव्हरटाइमसाठी हजेरीपट किंवा गेटवरच्या पंचिंगची प्रत मागवता येते. बँकेत त्या तारखांना भरलेली रोख रक्कमही दाखवता येते. पीएफ उतारा आणि बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट तर हवंच.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा ससून. पण कागद नुसता दाखल करून भागत नाही. मंडळातले किंवा उपचार करणारे डॉक्टर साक्षीला येऊन उलटतपासणीला सामोरे गेले तर टक्का टिकतो. डॉक्टरांना कोर्टात यायला वेळ नसतो, म्हणून कमिशन (कोर्टाचा माणूस) नेमून दवाखान्यात साक्ष घ्या असा अर्ज करता येतो. पैसे घेऊन तयार दाखले देणाऱ्यांपासून लांब राहा, त्याच २०१० च्या निकालात अशा दाखल्यांवर ताशेरे आहेत.

इतर रकाने: दवाखाना, औषधं, पौष्टिक आहार, प्रवास, उपचाराच्या काळातला बुडालेला पगार, पुढचा उपचार, वेदना, आयुष्यातला हरपलेला आनंद. वास जाणं या शेवटच्यात येतं, ते वेगळं मांडा. आणि सोबतीचा खर्च. ताई घरचीच आहे म्हणून तो शून्य होत नाही. तिच्या जुन्या मालकाचं पगाराचं आणि काम सोडल्याच्या तारखेचं पत्र घ्या. डोक्याला मार लागलेल्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोबतीचा खर्चही गुणकाने काढला. ठोक रक्कम मागण्यापेक्षा त्या पद्धतीने मागा: महिना १०,००० धरले तर १६ च्या गुणकाने १९,२०,००० होतात. पूर्णवेळ सोबत लागते हे वहीतून आणि डॉक्टरांकडून दिसलं तरच मिळतील, हे खरं.

मेडिक्लेमचे अडीच लाखही मागा. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मेडिक्लेमची रक्कम अपघात भरपाईतून वजा करायची नाही असा निर्णय दिलाय. मूळ बिलं मेडिक्लेम कंपनीकडे गेली असतील तर दवाखान्याकडून शिक्क्यासह प्रमाणित प्रती आणि कंपनीचं सेटलमेंट लेटर घ्या. औषधाच्या बिलावर पेशंटचं नाव आणि त्याच तारखेची चिठ्ठी हवी. पावतीवर नुसतं 'रोख ग्राहक' असेल तर ती बाजूला पडते. फिक्या पडणाऱ्या थर्मल पावत्यांच्या आजच झेरॉक्स काढा.

दावा कोणाच्या नावाने? अर्जदार दाजीच. पण ते स्वतःचं हित समजू शकत नाहीत असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर ताई वादमित्र म्हणून, म्हणजे त्यांच्या वतीने, उभी राहते. हे सुरुवातीलाच ठरवा. एकीकडे स्मरणशक्ती गेली म्हणायचं आणि दुसरीकडे त्यांच्याच सहीचं तपशीलवार प्रतिज्ञापत्र द्यायचं, यात उलटतपासणीत वाट लागते.

कुठे टाकायचा: अपघात झाला तिथे, दाजी राहतात तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे. घराजवळचं घ्या, तारखा खूप पडतात.

कामावरून घरी येतानाचा अपघात असल्याने कर्मचारी भरपाईचाही मार्ग आहे (जुना कायदा नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय). धाराशिव भागातल्या साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या प्रकरणात २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामावर जाण्या-येण्याचा प्रवास त्यात धरलाय. पण कलम १६७ प्रमाणे दोन्हींतला एकच निवडता येतो, आणि तिथे पगार ठरावीक मर्यादेपर्यंतच मोजतात. टेम्पोचा विमा चालू असेल तर मोटार अपघात दावाच घ्या. विमाच नसेल आणि मालक कफल्लक असेल तर मात्र हा दुसरा मार्ग सोन्यासारखा.

---

खेडचा_रहिवासी

वकिलाच्या फीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. मिळालेल्या रकमेच्या २०-२५ टक्के फी ठरवायला काही जण सांगतात. निकालावर टक्केवारी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. ठरावीक फी लेखी ठरवा, कोरा चेक किंवा कोऱ्या कागदावर सही देऊ नका. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो. महिला आणि अपंग व्यक्ती यांना तिथे उत्पन्नाची अटच नाही. फोन १५१००.

हाड बसवण्याच्या ऑपरेशनचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, तेही बघा. नोंदणीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला केसपेपर दाखवून ऑपरेशनच्या आधी मंजुरी घ्यावी लागते. आधी ऑपरेशन आणि मग योजना असं चालत नाही.

---

भीमाकाठ

पोलीस ठाण्यात जाऊन आलो. नमुना ६ घेतलेलाच नव्हता, आज भरून पोच घेतली. पंपाचं चित्रण त्यांनी तिसऱ्या दिवशीच पेनड्राइव्हवर घेतलंय आणि त्याचा पंचनामाही आहे. कलम मात्र १२५(अ) लावलंय, दुरुस्तीचा अर्ज दिला. हेल्मेटच्या पट्ट्याची क्लिप एका बाजूने तुटलेली आहे, फोटो काढले.

शेवटची शंका. निकालाचे पैसे दाजींच्या खात्यात आले आणि त्यांनी रागात कुणाला देऊन टाकले तर?

---

दावा_दाद

अर्ज करतानाच मागणी लिहा की मोठा भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत राहावा, व्याज दर महिन्याला घरखर्चाच्या खात्यात यावं आणि न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय ठेव मोडता किंवा तारण ठेवता येऊ नये. अशा प्रकरणांत न्यायाधिकरण सहसा असा आदेश देतं. ठेवी एकच मोठी न करता पाच-सहा तुकड्यांत, वेगवेगळ्या मुदतीच्या मागा, म्हणजे हाडाच्या ऑपरेशनला किंवा मुलांच्या फीला एक तुकडा सोडवता येतो. पेनड्राइव्हच्या चित्रणासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र, भारतीय साक्ष अधिनियम कलम ६३ प्रमाणे, पंपाच्या व्यवस्थापकाकडून घेतलंय का तेही तपासी अंमलदाराला विचारा. ते राहून गेलं असेल तर व्यवस्थापक बदलून जाण्याआधी घेऊन ठेवा.